बरणीला हात लावायचा नाही

सर, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की गावातल्या पोरांना तुम्ही फक्त फोटोतले माहीत आहात. येत्या रविवारी तर तुमचं नाव शाळेच्या भिंतीवर लागणार आहे. विज्ञानाची नवी खोली बांधून झाली, तिला तुमचं नाव द्यायचं ठरलंय, आणि त्या कार्यक्रमात तुमच्याबद्दल मी बोलावं असा सगळ्यांचा आग्रह आहे. तुमच्या हाताखालून गेलेल्यांत विज्ञान शिकवणारी मी एकटीच निघाले. फोन आमच्या वर्गाच्या मॉनिटरचा आला होता. तो आता शाळेच्या समितीत आहे, पोट सुटलंय, बोलणं मात्र तसंच दांडगं. म्हणाला, "न्हाई म्हनायचं न्हाई, सांगून ठिवतो. सरांमुळंच तर तू मास्तरीन झालीस. आन ते पिल्लाचं सांग की गं स्टेजवर, बरनीतल्या पिल्लाचं! काय हसलो हुतो आपुन. लोकं बी हसत्याल."

मी "बघू" म्हणाले आणि फोन ठेवला. तेव्हापासून तळपायाची आग मस्तकात गेलीय, ती खाली उतरायला तयार नाही. भाजी करपली, नवऱ्यावर विनाकारण खेकसले, वह्या तपासताना लाल शाई उगाच जोरात दाबली. गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. ठीक आहे, बोलत नाही. लिहिते.

सहावीचं वर्ष होतं. धडा सजीव आणि निर्जीवांचा. आदल्या दिवशी तुम्ही सांगितलं होतं, येताना प्रत्येकानं एक सजीव आणि एक निर्जीव घेऊन यायचं. असं आम्हाला त्याआधी कुणीच सांगितलं नव्हतं. बाकीचे मास्तर धडा वाचून घ्यायचे आणि खालचे प्रश्न लिहून आणा म्हणायचे. तुमच्या त्या एका वाक्यानं आम्ही रात्रभर घर उलटंपालटं केलं. सकाळी वर्गात काय काय आलं होतं! दगड, कुलूप, औषधाची रिकामी बाटली, कुणी ओल्या फडक्यात मोड आलेले हरभरे, कुणी पाटाच्या कडेची गोगलगाय कंपासपेटीत घालून. एकानं तर सजीव म्हणून धाकट्या भावालाच बखोटीला धरून आणलं होतं. तुम्ही पोट धरून हसलात, आणि त्या पोराला तासभर टेबलाशेजारी बसवून घेतलंत.

मी कोंबडीचं पिल्लू आणलं होतं. चारच दिवसांचं, पिवळं, पाठीवर एक तपकिरी रेघ. आई द्यायला तयार नव्हती. "कोंबडीखालनं काडू नगं गं, ती दिसभर हुडकीत फिरती," म्हणाली. मग तुमचं नाव घेतल्यावर नरमली. "सरांनी मागितलंय तर ने. पर सांजंच्याला परत आन." मी वेशीपर्यंत पोचले तरी मागून तिचा आवाज येत होता, परत आन म्हणून.

तुम्ही पिल्लू टेबलावर सोडलंत. ते तुरुतुरु चाललं, खडूच्या पेटीवर चोच मारली आणि डस्टरवर शिटलं. वर्ग खिदळला. तुम्ही हात वर करून म्हणालात, "बघा, उत्सर्जन!" आणि फळ्यावर लिहिलंत. मग हालचाल, पोषण, वाढ, श्वसन, प्रजनन. सगळ्यात शेवटी, तुमच्या त्या सुबक अक्षरात, "सजीव चेतनेला प्रतिसाद देतात." मग मेणबत्ती पेटवून विचारलंत, ही ज्योत हलते, वाढते, तिला हवा लागते, एका ज्योतीपासून दुसरी होते, मग ही सजीव का नाही? इतकी वर्षं शिकवतेय सर, त्याहून चांगला प्रश्न मला अजून सापडलेला नाही. तो तास वाईट असता तर मी तुम्हाला केव्हाच विसरून गेले असते. तो चांगला होता, याचाच मला संताप येतो.

मग तुम्ही कपाटातून ती काचेची बरणी काढलीत, लहानशी, लोणच्याची असते तसली. मेणबत्तीवर पालथी घातलीत, ज्योत विझली. "ज्योत गेली. आता जीव किती तग धरतो बघू," असं म्हणून बरणी जराशी तिरकी केलीत आणि त्याच धुरात माझं पिल्लू आत सरकवलंत. कडेनं ओली माती लिंपलीत. टेबल खिडकीपाशी होतं, उन्हाचा पट्टा नेमका बरणीवर आला होता. तेवढ्यात शिपाई सांगत आला, हेडसरांकडे पाहुणे आलेत, चहाला बोलावलंय. तुम्ही हात झटकलेत. "हाताची घडी, तोंडावर बोट. मी येईपर्यंत बरणीला कुणी हात लावायचा नाही. लावला तर याद राखा." आणि गेलात.

मी पहिल्या बाकावर होते. हात लांबवला असता तर बरणीला लागला असता. पिल्लू आधी काचेवर चोच मारत होतं. मग चोच उघडी टाकून उभं राहिलं. मग पाय दुमडून खाली बसलं. मॉनिटर पट्टी घेऊन बाकांमधून फिरत होता, कुणाचं बोट तोंडावरून सुटलं तर हाणायला. तास संपल्याची घंटा झाली. पुढच्या तासाच्या बाई त्या दिवशी आल्या नव्हत्या. ऑफिसातून तुमचं हसणं ऐकू येत होतं, कपबशा वाजत होत्या. चेतनेला प्रतिसाद देतात असं लिहिलेल्या फळ्यासमोर आम्ही अख्खा वर्ग तोंडावर बोट ठेवून बसलो होतो, आणि तुम्हाला सांगते सर, इतका शहाणा वर्ग त्या शाळेत ना आधी झाला असेल ना नंतर. तुम्ही आम्हाला तसं शिकवलं होतं. मार देऊन नव्हे, मार तर सगळेच द्यायचे. तुम्ही आवडत होता म्हणून आम्ही ऐकलं.

दुसरा तास संपता संपता तुम्ही आलात. माती खरवडून बरणी उचललीत. पिल्लू एका कुशीवर पडलं होतं. तुम्ही विचारलंत, "आता हे काय झालं?" मॉनिटर ओरडला, "निर्जीव!" मग सगळा वर्ग एका सुरात, "निर्जीव!" तुम्ही म्हणालात, "शाब्बास."

मी हुंदका दिला तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळलात. "विज्ञानात रडायचं नसतं. रविवारी कोंबडीचा रस्सा ओरपता, तेव्हा रडू येतं का?" वर्ग फिस्सकन हसला. ते हसणं मॉनिटरला अजून आठवतंय. मलाही आठवतंय.

पिल्लू मी जेवणाच्या डब्यात घालून घरी आणलं. आई चुलीपुढे भाकरी थापत होती. डबा उघडून बघितला, भाकरी तव्यावर तशीच राहिली. "कशानं मेलं?" मी म्हणाले, प्रयोगात. "परयोग म्हंजी?" मी सगळं सांगितलं. बरणी, माती, तुमचं चहाला जाणं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आन तू काय करत हुतीस?" मी म्हणाले, सरांनी हात लावू नका म्हणून सांगितलं होतं. "त्ये तितं हुतं का?" नव्हते. "मंग? तुला हात न्हवता व्हय?" एवढंच बोलली आणि करपलेली भाकरी उलटली. बाहेर कोंबडी अंधार पडेपर्यंत अंगणभर फिरत होती. आईनं तुम्हाला कधी एका शब्दानं विचारलं नाही. शिकलेल्या माणसाला काय विचारायचं! उलट संक्रांतीला भुईमुगाच्या शेंगा पाठवल्या, आणि त्या तुमच्या घरी मीच पोचवल्या. तुम्ही दारात उभं राहून "अरे वा" म्हणालात.

वार्षिक परीक्षेचा पेपर तुम्हीच काढला होता. निर्जीव ओळखा: दगड, कुलूप, मेलेली कोंबडी, पाणी. मी चारही लिहिले. पैकीच्या पैकी मिळाले, पहिली आले, आणि तुम्ही सगळ्या शाळेसमोर मला एक भिंग बक्षीस दिलंत, तुमच्या पदरचं. त्या भिंगानं मी मुंगीचे डोळे बघितले, मिठाचे खडे बघितले, कांद्याचा पापुद्रा बघितला. आज मी जी काही आहे ती त्या भिंगामुळे, म्हणजे तुमच्यामुळेच आहे, मॉनिटरचं म्हणणं खरंच आहे. पण ते मला एका चुकीच्या उत्तराबद्दल मिळालं होतं, सर. मेलेली कोंबडी निर्जीव नसते. ती मृत असते. दगड कधी जगलेला नसतो, ती जगलेली असते. हे पुस्तकात आहे, तुम्हाला माहीत असणारच. आणि तुमचा प्रयोगसुद्धा चुकीचा होता. पिल्लू हवा संपून गेलं, की धुरानं गेलं, की उन्हानं तापलेल्या काचेत भाजून गेलं, हे त्यावरून कुणालाच सांगता येणार नाही. एक जीव गेला आणि सिद्ध काहीच झालं नाही. माझ्या विद्यार्थ्यानं असा प्रयोग लिहून आणला तर मी त्याला शून्य देईन.

मी श्रीरामपुरात शिकवते. माझ्या वर्गात फळ्यावर दोन नाही, तीन रकाने असतात, सजीव, निर्जीव आणि मृत. आणि माझ्या वर्गात तोंडावर बोट नाही. मुलं विचारल्याशिवाय उठतात, फिरतात, एकदम बोलतात. आमचे मुख्याध्यापक म्हणतात, "मॅडम, तुमच्या वर्गात बाजार भरतो." भरू दे. मागच्या महिन्यात कुंडीतल्या रोपावर प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवली होती, पानांतून पाणी कसं बाहेर पडतं ते दाखवायला. दिवसभराचा प्रयोग. मधल्या सुट्टीत एका पोरानं पिशवी टराटरा फाडली. माझं डोकं भडकलं, तोंडातून "याद राख" एवढं निघालंसुद्धा, अगदी तुमच्याच आवाजात. पोरगं घाबरून म्हणालं, "बाई, गुदमारलं अस्तं न त्ये. झाडाला बी जीव अस्तो, तुमीच म्हनल्या." मी तिथंच थांबले. पिशवीत रोप गुदमरत नाही, हे त्याला दुसऱ्या दिवशी समजावून सांगितलं. त्या दिवशी नाही.

काल मी नवी खोली बघायला गावी गेले होते. रंगाचा वास अजून आहे. दाराशी काचेचं कपाट आहे, त्यात तुमच्या वस्तू मांडल्यात. चष्मा, डस्टर, परीक्षानळ्या, आणि पांढऱ्या फडक्यावर पालथी ठेवलेली ती बरणी. स्वच्छ धुतलेली. खाली चिठ्ठी, "सरांच्या प्रयोगाची बरणी." मॉनिटर कौतुकानं म्हणाला, "बघ, जपून ठिवलीय." मी त्याला सांगितलं, पिल्लाचं मी बोलणार आहे, पण हसायला म्हणून नाही. जसं झालं तसं सांगणार आहे. त्याचा चेहरा पडला. "आगं, मानूस गेलं, आता कशाला? त्यांची पोरं येनारेत, नातवंडं येनारेत." मी म्हटलं, मग मला बोलवू नका. तो बराच वेळ कपाटाच्या काचेवरचा डाग बोटानं पुसत राहिला. शेवटी म्हणाला, "ये. बोल काय बोलायचं त्ये."

तर भाषण तयार आहे. तास चांगला होता हे त्यात आहे, ज्योतीचा प्रश्न आहे, भिंग आहे. बरणी आहे, चहा आहे, शाब्बास आहे, रस्सा आहे. आईचं वाक्यही आहे. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणाला, कुणी हसणार नाही. बरोबर आहे, कुणी हसणार नाही. हे पत्र मात्र पर्समध्येच राहील, कारण यात एक गोष्ट जास्त आहे, जी भाषणात नाही, आईला सांगितली नाही, नवऱ्यालाही नाही. बरणी उचलताना तुमचा हात थरथरत होता. इतका, की बरणीची कड टेबलावर दोनदा वाजली. शाब्बास म्हणताना तुम्ही आमच्याकडे बघत नव्हता, खिडकीबाहेर बघत होता, आणि मग दोन्ही हात खिशात घातलेत ते घंटा होईपर्यंत काढले नाहीत. मी हे सांगितलं असतं तर सगळे म्हणाले असते, बघ, त्यांनाही वाईट वाटलं होतं, सोड आता. मला सोडायचं नव्हतं. अजूनही नाही. पण मी पहिल्याच बाकावर होते, सर, मला दिसला होता तुमचा हात.