मीठ बंद, गोळी बंद

नाशिक,
१२ ऑगस्ट २००७

प्रिय यूनिस,

फोनच करणार होते. पण आमचा फोन हॉलमध्ये, आणि मी जरा भरभर बोलले की ललित टीव्हीचा आवाज कमी करून ऐकायला लागतो. पोटचा मुलगा, पण हल्ली माझ्याकडे उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तसा बघतो. म्हणून पत्र. घरच्यांनी माझी लिथियमची गोळी बंद केली आहे. महिना उलटून गेला. मला ती परत हवी आहे, आणि या घरात कुणी ऐकत नाही.

चौऱ्याण्णव साल तुला आठवत असेलच. नववीच्या मुलींना मधल्या सुट्टीत शाळेबाहेर काढून मी थेट पांडवलेण्यांवर चढवलं होतं आणि वर गाणी म्हणायला लावली होती. कित्येक रात्री झोप नव्हती, आणि माझ्याइतकी हुशार बाई जगात नाही याची खात्री होती. मग असा उतार लागला की केस विंचरायलाही उठवेना. तू रविवारी चर्चमधून थेट यायचीस आणि न बोलता माझी वेणी घालायचीस. डॉक्टरांनी बायपोलर म्हणून सांगितलं आणि लिथियम सुरू झालं. तहान फार लागायची, पेला धरताना हात थरथरायचा, वजन वाढलं. पण त्या गोळीवर मी पुन्हा वर्गात उभी राहिले, निवृत्त झाले, ललितचं लग्न लावलं.

उन्हाळ्यात माझा चेहरा सुजायला लागला. दिवसभर मरगळ. मखमलाबादहून भाजी घेऊन येणारी भिमाबाई दारातूनच ओरडली, “बाई, तोंड लय सुजलंय, मीठ सोडा बरं!” मनीषा सून म्हणून खरंच गुणी आहे. तिने त्याच दिवसापासून माझं जेवण वेगळं काढलं. अळणी वरण, अळणी भाजी, भाकरीतसुद्धा मीठ नाही. मी तोंड वाकडं केलं की म्हणायची, “आई, तुमच्याच भल्यासाठी ना?” हळूहळू मला उलट्या सुरू झाल्या, पाय लटपटायला लागले, ब्लाउजचं हूक लागेना, जीभ जड झाली. दवाखान्यात नेलं तर रक्तात लिथियम नको तितकं चढलेलं. अंगातलं मीठ कमी झालं की शरीर लिथियम धरून ठेवतं, बाहेर टाकत नाही, असं तिथे समजावून सांगितलं. ललितच्या कानात एवढंच शिरलं की गोळीचं विष झालं. घरी आल्या आल्या त्याने डबी उचलून कपाटावर ठेवली. मीठ मात्र ताटात परत आलं!

मग आमच्या मानसोपचार डॉक्टरांनी सूज कशाची ते शोधलं. माझ्या शरीराची रोगांशी लढणारी फौज माझ्याच गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीवर उलटली आहे. लिथियमनेही ती ग्रंथी मंदावते, पण त्यावर साधी गोळी आहे, ती सुरू झाली. ते म्हणाले, या आजाराच्या माणसांमध्ये ही फौज अनेकदा विनाकारण खवळलेली आढळते, रक्तात दाहाच्या खुणा दिसतात. लिथियम मनाबरोबर हा दाहही थोडा शमवत असावं, असं नवं संशोधन सुचवतंय, पक्कं अजून काही नाही. हे सगळं ते ललितला सांगत होते. मी शेजारच्याच खुर्चीत होते, यूनिस. मी इंग्रजीतून प्रश्न विचारला तर त्याचं उत्तरही त्यांनी ललितलाच दिलं.

इतकी वर्षं मला ‘मन खंबीर कर’ म्हणून सांगितलं. आता कळतंय की रक्तातही काही पेटलेलं असू शकतं, तरी घरात कुणाचा सूर बदलत नाही. मी चिडले की मनीषा हळूच विचारते, “आई, रात्री झोप लागली ना?” स्वयंपाकघरात गुणगुणले की दोघं एकमेकांकडे बघतात. राग यायचा हक्कसुद्धा मला राहिलेला नाही.

येत्या गुरुवारी डॉक्टरांकडे जायचं आहे. कमी मात्रेत लिथियम पुन्हा सुरू करायला ते तयार आहेत, पण पेशंटबरोबर जबाबदार माणूस लागतं, आणि ललित म्हणतो, “त्या गोळीसाठी मी येणार नाही.” तू ये. मी कुणीच नाही तिची, असं म्हणू नकोस. आपल्या शाळेच्या दिवसांत बास्केटबॉलमध्ये पंचाने चुकीचा निर्णय दिला म्हणून भर सामन्यात बॉल काखेत मारून निघून गेलेली शरयू तू पाहिली आहेस. या आजाराच्या कितीतरी आधीची मी कशी होते, हे सांगणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. आणि एक गोष्ट ललितला सांगितलेली नाही. गेले काही दिवस मला पहाटे फार लवकर जाग येते, आणि खूप छान वाटतं. हे पत्र मी एका बैठकीत, न खोडता लिहिलं. यातला राग माझा आहे की आजाराचा, ते मला ओळखता येत नाही. तू वाचून ओळख, आणि जे वाटेल ते माझ्यासमोर डॉक्टरांना सांग. माझ्या विरुद्ध असलं तरी.

तुझीच,
शरयू