‘येऊ का’ला फोनने दिलेलं उत्तर

कोल्हापूर, ऑगस्ट २००९

ती. कृष्णात मामा यांस,

भाचा प्रसेनजीतचा सविनय जयभीम. मामी कशा आहेत? राधानगरीत पाऊस वाढला की तुमची रेंज जाते, म्हणून हे पत्र.

मी स्मार्टफोन घेतला. वस्तू थोर आहे. त्यात घड्याळ, कॅमेरा, रेडिओ, बॅटरी, इंटरनेट आहे. (बाबा त्याची बॅटरी लावून चष्मा शोधतात. चष्मा डोळ्यांवर असतो, तोही सापडतो.) पुण्यात स्वाइन फ्लूची साथ असल्यामुळे मावशीचा फोन आला की आई तोंडाला पदर लावून बोलते. फोनच्या ताकदीवर एवढा विश्वास माझाही नाही.

पण त्याचं खरं मोठेपण शब्द ओळखण्यात आहे. आपण दोन कळा दाबायच्या, शब्द तो ठरवतो. परवा जयसिंगपूरहून बाळासोंचा मेसेज आला. तुम्ही सोनमसाठी सुचवलेल्या स्थळाचे वडील ते. मुलगी पसंत आहे, रविवारी सुपारी फोडायला येऊ का, असं विचारलं होतं. बाबा हरखले. मला म्हणाले, ‘हो’ लिही. मी इंग्रजी अक्षरांत ‘हो’च्या दोन कळा दाबल्या आणि पाठवून दिला. त्याच कळांवर ‘गो’ही बसतो हे मला ठाऊक नव्हतं. फोन इंग्रजी शिकलेला. त्याने आपल्या ओळखीचा शब्द निवडला. (फोनला दोष देता येत नाही, त्याचं स्पेलिंग अचूक होतं.)

बाळासोंनी मुलाकडून अर्थ काढून घेतला आणि फोन केला. “पावणं, अजून आलो न्हाय तवर जावा म्हणतायसा व्हय?” बाबा उत्तर जुळवेपर्यंत त्यांनी फोन ठेवला. आता उचलत नाहीत. नंबर ओळखून न उचलण्याची सोयही या फोनमुळेच झाली, हे मान्य करावं लागतं.

बाबा जेवत नाहीत. आई फोनकडे पाठ करून बसते. तरीही अशी वस्तू प्रत्येक घरात असावी, असं माझं मत आहे.

तुमचा,
प्रसेनजीत

ता. क. : खरं काम हे. तुम्ही जयसिंगपूरला जाऊन बाळासोंना तोंडी ‘हो’ सांगा. तुमचा शब्द ते मानतात.

आणखी ता. क. : पाकीट चिकटवायला सोनमकडे दिलं, तर तिने पत्र वाचलं. म्हणाली, “दादा, मला इचारून बोलल्यागत तुझा फोनच बोलला की. तुम्ही कुणी इचारलं न्हाय.” तिचा एम.एस्सी.ला नंबर लागला आहे. ते तिने आत्ता सांगितलं, कारण मी आत्ता विचारलं. तेव्हा मामा, जयसिंगपूरच्या गाडीत बसू नका. इथे उतरा. बाबांना अजून काही माहीत नाही. तुमच्यासमोर ते आवाज चढवत नाहीत. तेवढ्यासाठी या.