जुबेदाची इद्दत

७ जानेवारी, कॅम्प
निपाणीहून भाचीचा फोन. तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या, काखेत गाठ. जुबेदानं आजवर लपवली. कारण काय, तर इद्दत! नवरा वारल्यावर बाईनं चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, ती मुदत. अजून निम्मी उरलीय. तिचा दीर सलीम म्हणतो, "मुदत सरू दे, मग बघू." गाठीला विचारलंय का त्यानं?

९ जानेवारी, निपाणी
आले. पाहिली. लिंबाएवढी. वरची कातडी ताणून तांबूस. डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. तुकडा काढून तपासायला बेळगावलाच न्या म्हणाल्या, लवकर.
सलीमला सुनावलं, "इद्दत कशाला असते? पोटात मूल आहे का ते कळायला. साठी उलटलेल्या बाईच्या पोटात काय शोधतोस?"
जुबेदानं आतून ऐकलं. जेवली नाही.

१० जानेवारी
मौलानांकडे गेले, भांडायच्या तयारीनं. म्हातारा शांत. "हेतू उरला नाही म्हणून हुकूम उठत नाही, बाई. इद्दत दुःखाचीही असते. पण शरीअत जे राखायला आली, त्यात जीव आहे. गरजेला बाहेर पडायची मुभा आहे. दिवसा न्या, रात्री घरी आणा."
माझा मुद्दा खोडला आणि निकाल मला दिला! चीड आली. सलीमला त्यांनीच फोन केला. घरी आले तर मान खाली घालून म्हणाला, गाडी सांगतो.

११ जानेवारी
आता जुबेदाच उठेना.
"आपा, मुभा हाय. सक्ती न्हाय."
"अगं, जीव राखणं सक्तीचंच!"
"माझ्या इद्दतीला अर्थ न्हाय म्हणालीस न्हवं? त्यांच्यासाठी करायचं एवढंच उरलंय. ते बी काढून घे."
कॉन्व्हेंट शाळेत नन्सनी मला वाद जिंकायला शिकवलं. पुढचं कुणी शिकवलंच नाही.

१२ जानेवारी
तिचे केस विंचरले. डावा हात वर जात नाही. मी पाहिलं, तिनं पाहिलं की मी पाहिलं.

१३ जानेवारी
अंगात ताप. मौलाना स्वतः आले. दाराबाहेर खुर्चीत बसून पडद्याआडून बोलले, "बेटी, दवाखान्यात गेलीस म्हणून इद्दत मोडत नाही. दुःख सोबत घेऊन जा."
जुबेदा मला म्हणाली, "आपा, ओढणी दे."
दिली. गाडी दारात. सलीम दोनदा डोकावून गेला. ओढणी मांडीवर घेऊन बसलीय. डोक्यावर घेत नाही.