दोन आणि तीन नंबरची पिन

६ जानेवारी, सोमवार

आलो एकदाचा. बायको, म्हणजे पूर्वी, रविवारी येईल. कांदिवली पश्चिमेला, खाडीच्या अंगाला बावीस मजल्यांचा टॉवर आणि त्याच्या पोडियमखाली, म्हणजे वर उचललेल्या अंगणाखाली, कोपऱ्यातली आमची खोली. ओटा आहे, पंखा आहे, खिडकी आहे, आणि मोरी-संडास आतच. फरश्या सगळ्या शाबूत. लग्नाला दोन वर्षं झाली, पण नवरा-बायकोची अशी स्वतंत्र खोली पहिल्यांदाच मिळतेय, तेव्हा खूश आहे आणि ते लपवत नाही. अक्षर माझं डॉक्टरच्या वरताण, म्हणून ही रोजनिशी लॅपटॉपवरच लिहितोय.

पूर्वीला सातवा महिना चालू आहे. हॉस्पिटल बोरिवलीला, आम्ही गोराईला, मध्ये खाडी. डॉक्टरांनी बोटीची ये-जा बंद करायला सांगितली आणि नेमकी त्याच आठवड्यात ही नोकरी चालून आली. बाळ इथूनच हॉस्पिटलात जाऊन होईल, दहा मिनिटांची रिक्षा. खोली टिकली पाहिजे, बास.

काम म्हणजे टॉवरच्या सांडपाण्याचा प्लांट सांभाळणं. बावीस मजल्यांवरून जे खाली येतं ते एका टाकीत जमतं, पंप ते पुढे ढकलतात, शुद्ध होऊन झाडांना जातं, उरलेलं नाल्यातून त्याच खाडीत. सोसायटीचे मॅनेजर मधुकर सावंत मालवणकडचे, माणूस भला. त्यांनी दोन अटी घातल्या. पंपांच्या कंट्रोलरचा पडदा मेलाय, तो महिनाअखेरपर्यंत लॅपटॉपवरून बोलता करायचा. जमलं तर नोकरी पक्की नि खोली माझी, नाही जमलं तर दोन्हीवर पाणी. दुसरी अट, खोलीत मासळी तळायची नाही, मेंबर तक्रार करतात. हे सांगताना त्यांच्याच डब्यातून तिरफळं घातलेल्या बांगड्याचा वास येत होता.

माझ्या आधी श्यामकांत म्हणून एक जण होता, तो काम अर्धवट टाकून गेला. घाण सोसली नसेल. मी कोळ्याचं पोर, जवळा वाळत घातलेल्या अंगणात रांगलो. मला कसला वास येतोय?

८ जानेवारी, बुधवार

बोललो ते परत घेतो. मासळीचा वास हा वास आहे, हे प्रकरण वेगळंच आहे. टाकीवर चरबीची साय धरलीय, वीतभर जाड, पिवळट, वरून घामेजलेली. तिच्यात केसांचे गुंते, ओले टिश्यू, डायपर, कानात घालायच्या काड्या. बांबूने ढोसली तर फाटत नाही, दबते आणि सावकाश वर येते. ज्यांना माझ्या तव्यावरचा बांगडा चालत नाही ते संडासात काय काय सोडतात, हे एकदा पोडियमवर मांडून दाखवायला हवं. दुपारी भाकरी घशाखाली उतरली नाही.

खोलीत येऊन हात तीनदा साबणाने धुतले आणि लॅपटॉप लावला. कंट्रोलर जुनाट, बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. इंटरनेट वगैरे त्याच्या गावी नाही. नऊ पिनांचा एक सीरियल पोर्ट, तेच त्याचं तोंड आणि तेच कान. त्याची केबल श्यामकांतने भिंतीतून खोलीपर्यंत आणून ठेवलीय. माझ्याकडे टर्मिनलचा फुकटातला प्रोग्राम आहे. काळी खिडकी उघडते, तिच्यात अक्षर दाबलं की ते तारेतून पलीकडे जातं. गंमत अशी, की दाबलेलं अक्षर आपल्याला आपोआप दिसत नाही. पलीकडच्याने ते परत पाठवलं तरच पडद्यावर उमटतं. जे उमटेल ते फायलीत साठवायची सोयही असते, ती सवयीने चालू केली.

दोन्ही टोकांचा वेग जुळेना तोवर नुसता कचरा येत होता. मग जुळला. चाचणीला लोक हॅलो नाहीतर एक-दोन-तीन टाइप करतात. मी बायकोचं नाव टाइप केलं, पूर्वी. लगेच परत आलं, पूर्वी. एकटाच बसून हसलो. तार जिवंत आहे म्हणजे अर्धं काम झालं.

१० जानेवारी, शुक्रवार

कंट्रोलर हट्टी आहे. पाण्याची पातळी विचारली, पंप चालू की बंद विचारलं, उत्तर म्हणून माझाच प्रश्न परत येतो. पोपट पाळल्यागत झालंय. सावंतांना सांगितलं की बोलणं सुरू झालंय, समजायला थोडा वेळ लागेल. ते खूश झाले.

दोन गोष्टी मात्र पटल्या नाहीत. परवा अक्षर दाबताक्षणी परत यायचं, आज थोडं थांबून येतं, कोणी तोंडात घोळवून मग थुंकावं तसं. आणि मी चहा ठेवायला उठलो होतो तेव्हा कोणी काही दाबलेलं नसताना पडद्यावर पूर्वी, पूर्वी असं उमटलेलं होतं. कुठेतरी अडकलेला जुना साठा सुटला असेल, तसं होतं कधी कधी.

मोरीच्या जाळीवर सकाळी बोटभर पिवळी मलई होती. ॲसिड टाकून घासली. उद्या परत घासतो, पूर्वीला दिसायला नको.

१२ जानेवारी, रविवार

आली! आईने दिलेली सुकट, दोन गोधड्या आणि बाळाची झबली घेऊन आली. खोली बघून म्हणाली, छान आहे रे. मग आतून वास आला आणि तिने जी मोरी गाठली ती दहा मिनिटं बाहेर आली नाही. या दिवसांत असं होतंच, मी म्हटलं. ती म्हणाली की सात महिन्यांत असं कधी झालं नव्हतं.

जेवताना मोरीकडे बघत म्हणाली, “तुझ्या मोरीत कोण घसा खाकरतंय रे?”

पाइपातली हवा, मी म्हटलं. संध्याकाळी ती केसांवरून न्हाली. पाणी तुंबून राहिलं आणि मग एकदम गिळल्यासारखं खाली गेलं, असं सांगत होती. मी जाळी साफ करायला गेलो. तिचे केस कमरेपर्यंत, न्हाल्यावर गुंता निघतोच निघतो. जाळीवर एक केस नव्हता. साबणाचा फेससुद्धा नव्हता. चाटून पुसून घेतल्यासारखी जाळी. त्या फरशीवर पाय ठेवायला मला किळस वाटली.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सावंत तिळगूळ घेऊन आले. मी म्हटलं, खाली जाऊन कंट्रोलरच उघडून बघतो, तुम्हीही चला. तिळगुळाचा हात तसाच ठेवून ते म्हणाले, “माका विचारू नको. मी खाली जाणंय नाय.”

एकटा गेलो. पॅनलचा दरवाजा उघडला तर आत कंट्रोलर नव्हता. चार स्क्रूंची भोकं आणि धूळ. पंप दुसऱ्याच साध्या स्विचवर चालतायत. मग मी आठवडाभर बोलत कोणाशी होतो? केबल पॅनलमधून खाली गेली होती, टाकीच्या झाकणाखाली, सायीच्या आत.

ओढली. जड होती. गळाला मासा लागल्यावर जसा हाताला जीव लागतो तसा लागला. टोक वर आलं. त्याला नारळाएवढा गोळा चिकटलेला, चरबीचा, राखाडी, आतून केस विणलेले, केसांच्या मध्ये दात की नखं ते कळलं नाही. कोमट होता. माकूळ मासळी पाण्याबाहेर काढल्यावर फुगते नि बसते तसा फुगत नि बसत होता. तारेचं टोक त्याच्या मांसात रुतलेलं.

आमच्या वायरिंगच्या धंद्यात केबल तपासायची एक रीत आहे. पलीकडच्या टोकाला दोन आणि तीन नंबरची पिन, एक पाठवायची नि एक घ्यायची, तारेच्या तुकड्याने जोडायची. मग आपण पाठवलेलं तिथूनच वळून आपल्याकडे येतं. इथे तारेचा तुकडा नव्हता. दोन आणि तीन नंबरची पिन त्या गोळ्याने धरली होती. बायकोचं नाव त्याच्या अंगातून जाऊन माझ्याकडे परत येत होतं आणि मी हसत होतो.

केबल हातातून सुटली. ती पडली नाही, आत ओढली गेली. तिथेच ओकलो.

१५ जानेवारी, बुधवार

सावंतांकडून नंबर घेऊन श्यामकांतला फोन केला.  म्हणाला की कंट्रोलर त्यानेच काढून भंगारात टाकला, तरी पडद्यावर अक्षरं येतच राहिली. मी विचारलं, कसली अक्षरं?

“मी चाचणीला माझ्या कुत्र्याचं नाव टाइप केलं होतं,” तो म्हणाला. “गळ्यातला पट्टा तेवढा टाकीच्या जाळीत मिळाला. तू काय टाइप केलंस?”

 उत्तराची वाट न बघता त्याने फोन ठेवला.

लॅपटॉपची केबल उपटलीय. पूर्वीला सांगितलंय, मोरीत जायचं नाही, सावंतांच्या ऑफिसातलं बाथरूम वापर. का, ते सांगितलं नाही. घाबरून तिला काही झालं म्हणजे? तिला वाटतंय मी पोराच्या काळजीने येडा झालोय. वाटू दे.

१६ जानेवारी, गुरुवार

सकाळी ती फक्त पाय धुवायला आत गेली. फक्त पाय —

किंचाळली. जाळी बाजूला पडलेली आणि भोकातून ते वर आलेलं, पिवळं, मऊ, तिच्या घोट्याला दोन वेढे घालून बसलेलं. मी हाताने ओढलं. माझ्या हाताने. बोटं आत रुतत होती, कोमट लोण्यात रुतावीत तशी, आणि आत कसलंतरी आतडं हलत होतं. ओट्यावरचं उकळतं पाणी ओतलं तेव्हा सुटलं. जाताना घसा खाकरल्यासारखा आवाज.

घोट्यावर लाल वळ. बाळ हलतंय, डॉक्टरांनी तपासलं, ठीक आहे. तिला रिक्षात घालून रस्त्याने, भाईंदर-उत्तनवरून, गोराईला पोचवून आलो. वाटेत तिने मला हात धरू दिला नाही. वास येतोय म्हणाली. खरं होतं. तीनदा, चारदा धुतले, नखांत अजून आहे.

१७ जानेवारी, शुक्रवार

सावंतांना सगळं सांगितलं. त्यांनी मान खाली घातली. माहीत होतं त्यांना. मग त्यांनीच ॲसिडचे कॅन मागवले — जेवढे मिळाले तेवढे. दारापर्यंतच आले. मी ओतले.

साय उकळली. आवाज — तो लिहीत नाही. केस जळाल्याचा वास, आणि त्याखाली मटण शिजल्यासारखा, आणि त्या वासाने पोट भुकेने कळवळलं, याची सगळ्यात जास्त शिसारी आली.

आता टाकी अर्धी मोकळी दिसते. बाकीची साय नाल्याच्या तोंडाकडे सरकलीय. मेलं असेल तर पूर्वी परत येईल. हॉस्पिटल दहा मिनिटांवर. खोली राहील. मेलं असलं पाहिजे —

१८ जानेवारी, शनिवार

सकाळीच केबल जोडली. टर्मिनल उघडलं. पूर्वी, टाइप केलं. काही नाही. पुन्हा केलं. काही नाही. काळी खिडकी कोरी.

मेलं. मेलं ते.

 आधी इथे लिहून काढतो, मग तिला फोन. देवा, सुटलो. ती सुखरूप आहे — गोराईला, आमच्या घरात, खाडीकडची शेवटची खोली. आईने तिची खाट मोरीला लागून टाकलीय, उठाबसायला सोपं म्हणून. तिथे ना टाकी ना पाइप, मोरीचं पाणी थेट खाडीत. घोटा उतरलाय. दोन दिवसांत घेऊन येतो तिला. मुलगी झाली तर रुक्मिणी ठेवायचं ठरलंय, आजीचं नाव. रुक्मिणी. लिहितानाच बरं वाटतं —

अक्षरं जरा थांबून उमटतायत. लॅपटॉप तापला असेल —

नाही.

दोन्ही खिडक्या काळ्या. रोजनिशीचीही, टर्मिनलचीही. मी ज्यात लिहितोय ती —

कर्सर टर्मिनलमध्ये आहे. आजच्या पहिल्या शब्दापासून. मग अक्षरं दिसतायत कशी — दिसतायत म्हणजे पलीकडून कोणी ती परत —

हात उचलतो

पूर्वी
पूर्वी
गोराई
शेवटची खोली
मोरीला लागून
रुक्मिणी
रुक्मिणी
रुक्मि