ताटातले चौदा खेळाडू

भिंगार,
४ डिसेंबर २०२५

चि. भार्गवी हिस अ. आ.

पत्रास कारण की, माझ्या घरातून एक वस्तू नाहीशी झाली आहे. वायरचा काळा इअरफोन. उजव्या कानात वाजणारा, डावा केवळ शोभेचा. गेल्या रविवारी तू राहुरीची एसटी पकडायला निघालीस, तोवर तो टीव्हीशेजारच्या खिळ्याला लटकत होता. भिंगारात एवढं लष्कर, पण त्या खिळ्यावर पहारा नव्हता. परिणामी मला सकाळच्या बातम्या मोबाईलवर मोठ्याने लावाव्या लागतात, आणि तुझी मामी प्रत्येक बातमीवर निकाल देते. परवा निवेदकाचं वाक्य संपायच्या आत तिने अर्धं मंत्रिमंडळ घरी बसवलं होतं. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी माणसाने किती सोसावं?

असो. लीनाचा फोन रोज असतो; आई आहे ती तुझी. बी.कॉम. झालेली मुलगी राहुरीत खोली घेऊन राहते आणि रेडिओ केंद्रावर कबड्डीचं समालोचन की काहीतरी शिकते, हे तिला श्रीरामपूरच्या शाळेतल्या सहकाऱ्यांना सांगताना जड जातं म्हणे. पुण्याच्या बँक परीक्षेच्या क्लासला तिने तुझं नाव घातलंय, १ फेब्रुवारीपासून. ३१ जानेवारीला तुला तिच्या दारात आणून सोडीन, असा शब्द मी तिला दिला आहे. तुलाही एक दिला आहे: तोवर तुला मुद्दाम ऐकणारा एक तरी माणूस दाखव, नात्यातला नको, मैत्रीण नको, मग मीच लीनाशी बोलेन. दोन्ही शब्द एकदम पाळता येणार नाहीत, हे देतानाच मला ठाऊक होतं. पण भाऊ आणि मामा या दोन्ही जागा एकाच माणसाकडे असल्या की असंच होतं.

पत्रच लिही. आवाज रेकॉर्ड करून पाठवू नकोस. त्यात तू मिनिटाला अकरा वेळा ‘म्हणजे’ म्हणतेस, मी मोजलेत.

आणि खरंच सांग, कबड्डी कानाने बघायची कशी? क्रिकेटचं समजू शकतो, तिथे चेंडू एकच. इथे चौदा माणसं एकमेकांच्या अंगावर. तू नेमकं कोणाकडे बघून बोलतेस?

लोभ आहे तेवढा राहू दे. इअरफोन परत आला तर वाढेलही.

तुझा,
शामकांतमामा

•

राहुरी,
१२ डिसेंबर २०२५

ती. शामकांतमामांस शि. सा. न. वि. वि.

इअरफोन माझ्याकडे आहे. चोरी नाही, मामींना विचारून आणला. तुम्हाला सांगू नकोस, बघू किती दिवसांनी लक्षात येतं, असं त्याच म्हणाल्या. चार दिवस लागले.

पहिल्या आठवड्यात मी मायक्रोफोनला हात लावला तो पुसण्यापुरता. इंटर्नचं काम म्हणजे वायरची वेटोळी नीट घालणं, कोपरात नाही, तळव्यात. नाहीतर वायर आतून तुटते. मग सामन्याआधी दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांना गाठून प्रत्येकीचं नाव, नंबर आणि गाव लिहून घेणं. गाव का, असं मी विचारलं तर काकासाहेब म्हणाले, पोरगी एकटी खेळत नाही, मागं अख्खं गाव कान लावून असतं.

काकासाहेब आमचे केंद्रप्रमुख. तीस वर्षं शाळेत खेळाचे शिक्षक होते. रागावत नाहीत, फक्त चष्मा काढून पुसतात. ते चष्मा पुसायला लागले की मला घाम फुटतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या ताटलीत आहे. सरावाच्या सामन्याला ते मैदानाकडे पाठ करून बसतात. मांडीवर ॲल्युमिनियमची ताटली, मधे खडूची रेघ. एका बाजूला सात शेंगदाणे, दुसऱ्या बाजूला मक्याचे सात दाणे. मी बोलायचं आणि माझ्या बोलण्यावर त्यांनी दाणे हलवायचे. चढाईला गेली की दाणा रेघेपलीकडे. बाद झाली की ताटलीच्या काठावर. सामना संपला की वळून मैदान बघायचं. ताटली आणि मैदान जुळलं, तर मी पास.

माझ्या पहिल्या सामन्यात मैदानावर नऊजणी होत्या आणि ताटलीत पाच. काकासाहेबांनी चष्मा पुसला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, आज ताटली तूच धर, म्हणजे बोलता बोलता कळेल. खेळ रंगला, मी जोरात बोलत होते, आणि शेवटी बघते तर शेंगदाण्यांचा अर्धा संघच नाही. मामा, मी तो खाल्ला होता. कर्णधारासकट. त्यांनी त्या दिवशी चष्मा दोनदा पुसला.

२१ तारखेला जिल्हा स्पर्धेचा उपांत्य सामना इथेच आहे. पहिला अर्धा भाग काकासाहेब, दुसरा मी. आपलं केंद्र भिंगारला लागत नाही, पण मोबाईलच्या ॲपवर ऐका. ११ जानेवारीला अंतिम सामना. तो मला एकटीला द्यायचा की नाही, हे ते २१ नंतर ठरवणार.

माझ्यावर लोभ असू द्या; इअरफोन थोडे दिवस आणखी.

तुमची,
भार्गवी

•

भिंगार,
२३ डिसेंबर २०२५

चि. भार्गवी हिस अ. आ.

तुझा सामना ऐकला. तुझ्या काकासाहेबांची विद्या घरी करून बघावी म्हणून मीही गच्चीवर ताट घेऊन बसलो. पाथर्डीकडे शेंगदाणे, समोरच्या संघाला फुटाणे. शेजारचे गहिनीनाथ, निवृत्त सुभेदार, हे काय चाललंय बघायला आले आणि पंच होऊन बसले. तुझ्या मामीने विचारलं, खायचं आहे की खेळायचं, तेवढं ठरवा.

तुझा आवाज चांगला लागतो. ‘म्हणजे’ दोनदाच आलं. पाथर्डीची ती मोनिका चढाईला निघाली की तू आवाज खाली नेतेस, तेव्हा सुभेदारही पुढे झुकले. ती बाद झाली हे तू अशा काही सुरात सांगितलंस की त्यांनी मांडीवर थाप मारली.

पण एक कोडं आहे. पाथर्डीने सामना पाच गुणांनी जिंकला असं तू म्हणालीस. माझ्या ताटात त्या वेळी पाथर्डीच्या दोघीच शिल्लक होत्या, आणि मोनिका काठावर पडून होती. दोघींनीच सामना जिंकला असेल तर त्यांना सरळ पलटणीत भरती करावं, असं सुभेदारांचं मत पडलं. मी एकही दाणा खाल्लेला नाही. शपथेवर सांगतो. मग माझे पाच खेळाडू गेले कुठे?

दुसरं कुतूहल जरा खोडसाळ आहे. मैदानावर आहे त्याला सामना दिसतो. नाही त्याला मोबाईलवर दिसू शकतो. तुझं ऐकणारा माणूस नक्की कोण? मी आणि सुभेदार धरू नकोस. मी मामा, आणि ते फुटाण्यांसाठी थांबले होते.

लीनाने क्लासचे फोटो पाठवलेत. पंखे भरपूर आहेत.

लोभ कायम. अजून खिळा रिकामा आहे.

तुझा,
शामकांतमामा

•

राहुरी,
२ जानेवारी २०२६

ती. शामकांतमामांस शि. सा. न. वि. वि.

तुमचे पाच खेळाडू कुठे गेले ते सापडलं. मला सापडलं नाही, राहीबाईंनी दाखवून दिलं.

परवा काकासाहेबांनी मला ऊसतोड कामगारांच्या तळावर पाठवलं, अंतिम सामन्याआधी लोकांचं बोलणं रेकॉर्ड करून आण म्हणून. फडाच्या कडेला मी माझं आणि केंद्राचं नाव सांगितलं, तर मोळी बांधणाऱ्या एक बाई हातातलं काम टाकून आल्या. रेडूवर कबड्डी सांगती ती तूच का, असं विचारलं. मी खुशीत हो म्हणाले. मग त्यांनी मला जे झापलं ते मी रेकॉर्ड केलेलं नाही.

त्या राहीबाई. पाथर्डी तालुक्यातल्या. दिवाळीनंतर नवरा-बायको इकडे ऊस तोडायला येतात. मुलगी आजीकडे राहून अकरावीत शिकते. मुलगी म्हणजे मोनिका. त्या दिवशी फडात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवर रेडिओ चालू होता. मोनिका बाद झाली हे मी रंगवून सांगितलं. ती परत आत आली हे सांगितलंच नाही, आणि त्यानंतर तिची चढाई न आल्याने तिचं नावही माझ्या तोंडी आलं नाही. मामा, आपल्या संघाने गुण घेतला की बाद झालेली परत आत येते, हे मला इतकं ठाऊक होतं की बोलायचं सुचलंच नाही. सराव सामन्यात ताटलीत चार दाणे कमी होते, तेव्हाही मी मोजण्यात चुकले असेन असं समजले होते.

राहीबाईंना वाटलं, पोरीला लागलं. उचलून नेली असंल, म्हणून नाव येईना. संध्याकाळी नवऱ्याच्या मोबाईलवरून फोन लागला तेव्हा मोनिका हसत होती. नऊ गुण घेतले होते तिने. राहीबाई मला म्हणाल्या, ज्या मोळ्या हसत बांधायच्या त्या मी रडत बांधल्या, त्या दिवसाचं काय करू आता.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्याच देऊन गेल्या. मोबाईलवर का बघत नाही, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, डोळं उसात अन् हात कोयत्यात. कान तेवढं मोकळं हायेत.

११ तारखेला ट्रॅक्टर नसणार. त्यांच्या साध्या मोबाईलमध्ये रेडिओ आहे, पण वायरचा इअरफोन खोचल्याशिवाय तो लागत नाही. वायरच एरियलचं काम करते. तेव्हा तुमचा इअरफोन आता राहीबाईंकडे आहे. उजवाच कान वाजतो हे सांगितलं. एक कान बास हाय, म्हणाल्या, दुसरा मुकादमाला.

काकासाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला नाही. अंतिम सामना तू एकटीने कर, म्हणाले, ताटली मी धरतो.

आपल्या पैजेत राहीबाई धरू नका. त्या मला भांडायला शोधत होत्या, आणि ऐकणार आहेत त्या मोनिकाला, मला नाही. ३१ तारखेला मी सामान बांधून तयार असेन. आईला सांगा, पंख्याखालची जागा बघून ठेव.

लोभ तुटू देऊ नका.

तुमची,
भार्गवी

•

भिंगार,
१२ जानेवारी २०२६

सौ. लीना हिस अ. उ. आ.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून लिहितो. पत्राला मधेच तोडता येत नाही, ही त्यातली सोय.

आधी अभिनंदन. काल राहुरीला जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात तुमच्या श्रीरामपूरच्या मुलींनी पाथर्डीला दोन गुणांनी हरवलं. तुला हे माहीतही नसेल. मला माहीत आहे, कारण मी गच्चीवर ताटात शेंगदाणे आणि फुटाणे मांडून सबंध सामना पाहिला. पाहिला हाच शब्द बरोबर आहे. सांगणारी तुझी मुलगी होती.

तिने आधीच्या सामन्यात एक चूक केली होती. कोण बाद झालं ते सांगायची, परत कोण आत आलं ते नाही. त्यामुळे उसाच्या फडात काम करणाऱ्या एका आईला दिवसभर वाटत राहिलं की आपल्या खेळणाऱ्या पोरीला दुखापत झाली. तुझ्या लेकीने ही चूक लपवली नाही. मला कळवली, वरिष्ठांना सांगितली, आणि काल दुरुस्त केली. कोणी आत आलं की नाव घेऊन सांगायची, कुठे उभी राहिली तेही. शेजारच्या सुभेदारांनी दोनदा माझ्या ताटाची हजेरी घेतली. एकही माणूस कमी भरला नाही. लष्करात अशी हजेरी क्वचित लागते, असं ते म्हणाले.

शेवटची चढाई त्या मोनिकाची होती. बरोबरीला एक गुण हवा होता. भार्गवी अगदी हळू बोलत होती. मोनिका उजव्या कोपऱ्यापर्यंत गेली, पाय टाकला, घोट्याला पकड बसली, वरून दोघी आल्या. बाद. शिट्टी झाली, मैदानात आरडाओरडा सुरू झाला. माझ्यासारखा कोणी असता तर जिंकणाऱ्यांकडे वळला असता. भार्गवीने आधी सांगितलं की मोनिका उठली आहे. गुडघा झटकला, आपल्या पायांनी चालत बाकापर्यंत गेली, पाणी पिते आहे, आज अकरा गुण तिचे. मग विजेत्यांचं नाव घेतलं.

हे चार शब्द कुणासाठी होते ते मला ठाऊक होतं. सुभेदारांना नव्हतं, तरी त्यांनी काठावरचा मोनिकाचा शेंगदाणा उचलून जपून बाजूला ठेवला. तुझ्या वहिनीने कशावरही मत दिलं नाही, यावरून काय ते समज.

आता माझं. तुला शब्द दिला त्याच आठवड्यात मी भार्गवीलाही एक दिला होता: ओळखपाळख नसलेला एक माणूस तुला मुद्दाम ऐकतो असं दाखव, मी लीनाशी बोलेन. तिला तो माणूस मिळाला. ती म्हणते, धरू नका. मी धरला. तू शाळेत सव्वीस वर्षं शिकवते आहेस. चूक कळल्यावर मूल काय करतं यावरून त्याची पारख करायची, हे तूच मला सांगत आली आहेस. क्लास पुढच्या वर्षीही असेल, पंख्यांसकट. तिला तिथे राहू दे. राग माझ्यावर काढ; मी मोठा भाऊ आहे, जागा आहे.

भार्गवीने यातलं काही मला मागितलेलं नाही. हे पत्र तिला दाखवू नकोस.

माझ्यावरचा लोभ या पत्राने थोडा कमी होईल, तो संक्रांतीच्या तिळगुळापर्यंत भरून आला तर बरं.

तुझा,
शामकांतदादा

ता. क. ३१ तारखेला ठरल्याप्रमाणे श्रीरामपूरला येतो. एकटाच.