एअरबॅग उताणी ठेवा

ता. ४ मार्च

चि. पाना हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गुडघ्याचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले. माझ्या लेकीच्या, तुझ्या ताईच्या घरी मजेत आहे. म्हणजे ती मला खोलीभर चालायला लावते आणि मी शिव्या गिळतो. फोनवर तू समोरच्याला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र.

मोटार शिकवणारे मास्तर रागावलेत. त्यांची शिकवणीची गाडी खांबाला धडकली, एअरबॅगा फुटल्या आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा पेटून राहिला. आपल्या गॅरेजातल्या उस्तादाने पत्रा सरळ केला, पण दिवा घालवायला तू साफ नकार दिलास म्हणे. उस्ताद असंही सांगतो, की एअरबॅगला हात लावण्याआधी तू बॅटरी काढून दहा मिनिटं घड्याळ बघत बसतेस आणि त्यालाही बसवतेस. अगं, गॅरेज आहे ते, दवाखाना नव्हे.

मास्तर माझे तीस वर्षांचे मित्र. नवीन झाकण बसवून आत एक रेझिस्टर जोडला, की गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं बॅग जागेवर आहे, आणि दिवा गप्प होतो. उस्तादाला येतं ते. सोमवारी गाडी देऊन टाक. मामा म्हणून नाही, मालक म्हणून सांगतोय. जमत नसेल तर शटरची किल्ली उस्तादाकडे दे आणि घरी बस. जेवणाची हयगय करू नकोस.

रागावलेला, पण तुझाच,
मामा

ता. ९ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, मग उस्तादांना मोठ्याने वाचून दाखवलं. गाडी दिलेली नाही. किल्ली माझ्या खिशात आहे आणि तिथेच राहील. हवी असेल तर काठी टेकत या आणि घेऊन जा.

दहा मिनिटांचं सांगते. बॅटरीची वायर काढली तरी आत थोडी वीज उरते आणि बॅग उडवायला तेवढी पुरते. ती ओसरायला वेळ लागतो. स्टीअरिंगसमोर तोंड माझं असतं, तुमचं नसतं. परवा उस्ताद बॅगच्या वायरींना मीटर लावून बघणार होते. मीटरच्या करंटनेसुद्धा ती उडू शकते, म्हणून मी मीटर कपाटात कोंडला. दोन दिवस अबोला होता.

आता तुमची शिकवण. काढलेली बॅग छातीशी धरून न्यायची आणि वरच्या कंपनीच्या चिन्हावर काही पडून ओरखडा नको म्हणून टेबलावर फडक्यावर पालथी ठेवायची. मीही तेच शिकले. मागच्या आठवड्यात उस्तादांनी दुसऱ्या एका गाडीची न फुटलेली बॅग अशीच, खाली स्वच्छ फडकं अंथरून, पालथी ठेवली. मामा, पालथी बॅग उडाली तर सगळं लोखंड छपराकडे सुटतं, मध्ये कुणाचं डोकं असलं तरी. मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि ती उताणी केली. तुमच्या टापटिपीने माणूस गेला असता. आता भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलंय, की बॅग उताणी ठेवा आणि नेताना तिचं तोंड अंगापासून लांब धरा. खाली कुणीतरी माझं चित्र काढलंय, मिशीसकट. राहू दिलंय.

आणि मास्तरांची गाडी. सीटबेल्टच्या मुळाशीही स्फोटकाची नळी असते. धडकेत ती उडते आणि बेल्ट आवळते, एकदाच. आता तो दिसायला बेल्ट, कामाला नाडी. त्या सीटवर आयुष्यात पहिल्यांदा स्टीअरिंग धरणारं माणूस बसणार, म्हणजे चुकायलाच आलेलं माणूस, आणि विझलेला दिवा त्याला सांगणार की सगळं ठीक आहे. हे मी मास्तरांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, तुझ्या मामाने कधी एवढी कटकट केली नव्हती. तेव्हापासून मला झोप नाही. तेवढं कळवा मला, तुम्ही आजवर किती गाड्यांचे दिवे गप्प केलेत?

ऐकणार नाही, पण लोभ कमी होऊ देऊ नका.
तुमची,
पाना

ता. १५ मार्च

चि. पाना हिस,
आशीर्वाद.

पत्र आल्यावर तीन दिवस धुमसत होतो. ही भाची आहे की सासू, असं ताईला म्हणालो. चौथ्या दिवशी मोजायला बसलो. सहा.

पाच मालकांचे पत्ते सोबतच्या कागदावर आहेत. एकेकाला गाठ, गाड्या परत बोलाव. शिव्या पडतील, त्या माझ्या नावावर घे. मास्तरांनाही फोन केला. नवीन बॅगा आणि नवीन बेल्ट बसेपर्यंत गाडी मिळणार नाही, भाची देणार नाही आणि मीही देणार नाही, असं सांगितलं. ते म्हणाले, मैत्री संपली. म्हटलं, संपू दे. पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू, मी तिथे असतो तर त्यांना हो म्हणालो असतो.

सहावी गाडी ताईची. चार वर्षांपूर्वी तिला जुनी गाडी घेऊन दिली, तेव्हा दिवा पेटलेला होता. एका दुपारी मी तो गप्प केला आणि गाडी अगदी निर्धोक आहे असं सांगून किल्ली तिच्या हातात ठेवली. इथे आल्यापासून रोज सकाळी खिडकीतून बघतोय, दोन्ही मुलांना घेऊन ती त्याच गाडीतून जाते.

काल चहा घेताना तिला सांगितलं. तिने किल्ली माझ्या कपाशेजारी ठेवली, मुलांची दप्तरं उचलली आणि त्यांना चालत शाळेत घेऊन गेली. आजही चालतच गेली. गाडी ओढून तुझ्याकडे पाठवतोय. दुरुस्ती तूच कर, माझा हात तिला लागू देऊ नकोस.

तुझी माया असू दे. या घरात सध्या मला ती मिळत नाहीये.
मामा