काठी चौथ्या ओळीवर होती

बाबा, काल मी गाडी घेऊन शेंदूरजनाघाटला गेले होते. मी म्हणजे मीच, स्टीअरिंगवर. तुमचे जावई शेजारच्या सीटवर, मांडीवर दुर्बीण आणि पायाशी संत्र्यांसाठी रिकामी पोतडी. तुम्ही असता तर पहिलं वाक्य काय बोलला असता ते मला पाठ आहे, "काम नसता रस्त्यानं काहून फिरता वं?" रस्ता हा पोटासाठी असतो हे तुमचं ठाम मत. परतवाड्याच्या जिनिंगचा ट्रक, मागे रुईच्या गाठी, आणि परतवाडा, अमरावती, अकोला हा एकच रस्ता तुम्ही उभी हयात धरून ठेवलात. चिखलदऱ्याचे डोंगर आपल्या अंगणातून दिसायचे, पण तुम्ही तो घाट एकदाही चढला नाहीत, कारण वर रुई घेणारं कोणी नव्हतं. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली आणि मी आता एकसष्टची आहे, म्हणजे तुमच्यापेक्षा वयाने मोठी. तेव्हा मध्ये न बोलता ऐका.

आम्ही दोघं एकाच वर्षी रिटायर झालो. मी शाळेतून आणि हे मोजणी खात्यातून. तुम्ही यांना 'साखळीवाले' म्हणायचे, आठवतं? त्या साखळीवाल्यांनी रिटायर होताच अमरावतीच्या घरी बसायला साफ नकार दिला. एक बारकी गाडी घेतली. रोज सकाळी आम्ही वडाळीच्या तलावावर पायी जातो, हे दुर्बिणीतून पक्षी पाहतात, मी एका वहीत नोंद करते, कारण यांचं अक्षर यांनाही लागत नाही. पावसाळ्यात चिखलदरा, थंडीत मुक्तागिरीच्या पायऱ्या, आणि रविवारी कुठल्यातरी नाल्याकाठी रोडगे. डिकीत गोवऱ्या, कणीक, वांगी आणि तुपाचा डबा. रोडगा शिजला की नाही हे बोटाच्या पेराने ठोकून ऐकायचं तुम्ही शिकवलेलं, ते मी यांना शिकवलं, आणि आता हे ते मलाच समजावून सांगतात. शेजारच्या काकू म्हणतात, पेन्शन सुरू झाली अन् या दोघांना पंख फुटले. म्हणू द्या. छत्तीस वर्षं मी शाळेच्या घंटेवर उठले-बसले आहे.

पण मनात कुठे टोचत नव्हतं असं नाही. आमच्या फिरण्याची वर्षं आणि आपल्या भागाची वाईट वर्षं एकच निघाली. सकाळी पेपर उघडला की आतल्या पानावर शेतकऱ्याने जीव दिल्याची तीच बातमी, फक्त गाव निराळं. रस्त्याने जाताना मांडव दिसला की आम्ही दोघंही आधी पाहायचो, वाजंत्री आहे का. नसली की हे हात पुढे करून गाडीतला रेडिओ बंद करायचे, आणि मग दोन-तीन गावं जाईपर्यंत मागच्या डब्यातल्या वांग्याच्या भाजीचा वाससुद्धा मला नको व्हायचा. तरी आम्ही पुढच्या रविवारी निघायचोच. थांबून कोणाचं भलं होणार होतं, असं हे म्हणायचे.

यांच्या डोळ्यांचं मला आधी वहीवरून कळलं. पूर्वी हे सांगायचे, "लिही, हळद्या, नर, बाभळीच्या शेंड्यावर." मग हळूहळू नर-मादी गेली, शेंडा गेला, आणि नुसतं "हळद्या" उरलं. एके दिवशी मी पाहिलं, दुर्बीण गळ्यात तशीच लोंबते आहे आणि हे मान तिरपी करून ऐकताहेत. म्हटलं, दिसला का? तर म्हणे, "आवाज आला नं. डोये काय, कोनीही वापरते." मी हसले. घरी डाव्या हाताला ठेवलेला चहा सांडायला लागला, दाराच्या डाव्या चौकटीला खांदा लागायला लागला, आणि दर वेळी चूक कपाची किंवा चौकटीची असायची. मी विषय काढला की एकच ऐकवायचे, "आयुष्यभर मोजणी केली, एक बांध वाकडा गेला नाई माहा." मोजणीच्या माणसाला "तुम्हाला दिसत नाही" असं सांगायचं म्हणजे काय, ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मग ते झालं. परतवाड्याहून परत येत होतो, दुपार कलली होती. आसेगावच्या पुढे रस्त्याच्या डाव्या कडेने माणसं एका ओळीत चालत होती, डोक्यावर टोप्या, कोणी बोलत नव्हतं. कोणाला तरी पोचवून येत होती. मला लांबूनच दिसली आणि वाटलं, आता हे गाडी हळू करतील, आता उजवीकडे घेतील. गाडी तशीच सरळ. मी ओरडले तेव्हा यांनी एकदम स्टीअरिंग फिरवलं, आणि तरी शेवटच्या म्हाताऱ्या माणसाच्या खांद्याला आरसा घासून गेलाच. आम्ही उतरलो. हे पांढरेफटक पडले होते. मी त्या बाबाजींचा हात धरून माफी मागायला लागले तर त्यांनी हात सोडवून घेतला आणि म्हणाले, "जाऊ द्या बाई. लागलं नाई मले. आज कोनावर चिडाची ताकत नाई राह्यली." आणि ओळ पुढे गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. घरी येईपर्यंत हे म्हणत राहिले, "ऊन तोंडावर होतं." ऊन पाठीवर होतं, बाबा.

त्या रात्री मला तुमचा स्वयंपाकघरातला पाट आठवला. मी सातवीत होते. माझे डोळे आले होते म्हणून तुम्ही मला सायकलवर डॉक्टरकडे नेलं होतंत. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वर मोठी, खाली बारीक होत गेलेली. तुम्ही कानाशी वाकून म्हणालात, "पाठ करून घे बाई." मला वाटलं खेळ आहे. मी सगळा तक्ता पाठ करून आले. संध्याकाळी तुम्ही पाटावर बसलात आणि म्हणालात, शिकव मले. तुम्ही अडखळत वाचायचे, म्हणून मला वाटलं, बाबांना वाचायचं आहे. मी चुलीतला कोळसा घेऊन भिंतीवर ओळी काढल्या आणि तुमच्याकडून घोकून घेतल्या. त, न, र, प, ग. ल, म, ट, व, क. आई भाकरी थापता थापता ओरडली की आत्ताच सारवलेली भिंत काळी केली, तर तुम्ही तिला म्हणालात, "मास्तरीण होऊन राहिली पोरगी, होऊ दे." मी फुगून टम्म झाले होते. पुढे मी जन्मभर शिकवलं ते त्या भिंतीपासून.

पंधरा दिवसांनी तुमच्या लायसनची तपासणी होती आणि तुम्ही मला सोबत नेलंत. मी दाराशी उभी. डॉक्टर काहीतरी लिहीत होते, कंपाउंडर हातात काठी घेऊन जांभया देत होता. त्याने तुमचा उजवा डोळा झाकला आणि काठी ठेवली ल-म-टच्या ओळीवर, चौथ्या. तुम्ही खणखणीत आवाजात म्हणालात तिसरी, त, न, र, प, ग. कोणी पाहिलं नाही. डॉक्टरांनी सही केली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की गाठीची लोखंडी पट्टी तुटून तुमच्या डाव्या डोळ्याला लागली होती ती नुसती लागली नव्हती, डोळा घेऊन गेली होती. परतताना मी सायकलच्या दांडीवरून म्हटलं, "बाबा, काठी चौथ्या ओळीवर होती." तुम्ही सायकल थांबवलीत. "तुले इचारलं कोनं?" एवढंच, पण असं की मी पुढे तोंड उघडलं नाही. मग दोन दुकानं सोडून तुम्ही पुन्हा थांबलात आणि मला शाईचा पेन घेऊन दिलात, हिरव्या टोपणाचा. का ते तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही. त्या पेनने मी सातवीची परीक्षा दिली आणि पहिली आले.

त्याच वर्षी दिवाळीनंतर वलगावजवळ कापसाची बैलगाडी डाव्या बाजूला होती. माणूस वाचला. बैलाचा पाय गेला, आणि पाय गेलेल्या बैलाचं पुढे काय होतं ते गावात सगळ्यांना माहीत असतं. तुम्ही ट्रकची किल्ली मालकाच्या टेबलावर ठेवलीत आणि जिनिंगच्या फाटकावर स्टुलावर जाऊन बसलात, ते शेवटपर्यंत. लोकांना सांगितलंत, कंबर गेली. आईलाही तेच. मला तुम्ही काहीच सांगितलं नाहीत, माझ्याकडे पाहणंही कमी केलंत. मला वाटायचं तुम्ही माझ्यावर रागावलात. मीही तुमच्यावर रागावले होते बाबा, फार रागावले होते. बारा वर्षांच्या पोरीच्या गळ्यात तुम्ही तो बैल बांधलात आणि स्वतः गप्प बसलात.

तर अकोल्याला. डोळ्यांचे एक डॉक्टर चांगले आहेत असं कळलं आणि मी हट्टाने यांना घेऊन गेले. गाडी अर्थात यांनीच चालवली. मी आत त्यांच्या मागे स्टुलावर बसले. आधी डावा डोळा झाकून उजव्याने वाचायला लावलं, तिसरी ओळ वाचली, ती जराशी चाचपडत. मग उजवा झाकला. मदतनीस मुलीने काठी चौथ्या ओळीवर ठेवली, आणि तुमचे जावई न अडखळता, पाढा म्हणावा तसे, तिसरी ओळ म्हणून गेले. मुलगी फाइलकडे पाहत होती. डॉक्टर हात धुवत होते. तोच उजेड, तोच दारातला वारा. आणि माझ्या तोंडून, वर्गात बोलते त्या आवाजात, आलं, "डॉक्टर, काठी चौथ्या ओळीवर आहे."

पुढचं लवकर सांगते. डाव्या डोळ्याचा काचबिंदू, बराच पुढे गेलेला, गेलेलं परत येत नाही. उजवा थेंबांवर टिकेल, वेळेत आलात म्हणाले. गाडी चालवणं बंद. यांनी बाहेर येऊन किल्ली माझ्या हातात दिली, गाडी अकोल्यातच सोडली आणि आम्ही बसने निघालो. मूर्तिजापूर येईपर्यंत हे खिडकीबाहेर पाहत होते. मग विचारलं, "काठी कुठं आहे हे तुले कसं दिसलं?" मी म्हटलं, मास्तरणीची सवय. तुमची गोष्ट सांगितली नाही. यांना अजून वाटतं की सासऱ्यांची कंबर गेली होती. तुमचं मी एकोणपन्नास वर्षं झाकलं आणि यांचं दोन मिनिटंही झाकलं नाही, हा हिशोब मला नीट लावता येत नाही. यांनी महिनाभर अबोला धरला. तलावावर माझ्यापुढे दोनशे पावलं चालत जायचे, वही स्वतः न्यायचे आणि कोरी परत आणायचे. मी ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं. तिथल्या मुली मला आजी म्हणायच्या. लायसन आलं त्या दिवशी हे आपण होऊन शेजारच्या सीटवर येऊन बसले आणि म्हणाले, "क्लच सोड नं हळू, बेडूक आहे का गाडी." तो अबोला संपल्याचा दिवस.

तेव्हापासून मीच चालवते. माझा एकच नियम, दिवेलागणीच्या आत घरी. यांच्या थेंबांची वेळ सातची, असं मी सगळ्यांना सांगते. काल शेंदूरजनाघाटला बागवानाने आग्रहाने चहाला बसवलं, आंबिया बहाराची संत्री निवडण्यात वेळ गेला, आणि मोर्शीच्या अलीकडे सूर्य बुडाला. समोरून ट्रक आला, त्याचे दिवे डोळ्यांवर आले आणि ते गेल्यावरही रस्ता परत आला नाही. नुसतं पांढरं. मी मनातल्या मनात पाच मोजले. तेवढ्यात हे शांतपणे म्हणाले, "उजवीकडे घे जराशी, बैलगाडी आहे." मी घेतली. मागे दिवा नसलेली गाडी होती, कापसाची, माझ्या डाव्या बाजूने अगदी जवळून गेली. हे पहिल्यांदाच होत नाहीये, बाबा. उन्हाळ्यापासून आहे.

पुढच्या आठवड्यात पचमढी ठरली आहे. बैतुलवरून जायचं, चार दिवस, खोली सांगून ठेवली आहे. बाहेर हे टायरमध्ये हवा भरून घेताहेत, पंप मारणाऱ्याला सूचना देताहेत, आवाजावरून खुशीत आहेत. तेवढी पचमढी होऊ द्यावी आणि मग सांगावं, असं मी सकाळपासून म्हणते आहे, आणि म्हणता म्हणता तुम्ही त्या पाटावर बसलेले दिसता. तुम्हीही असंच म्हटलं असेल, एवढा हंगाम होऊ दे. मी तुम्हाला इतकी वर्षं लबाड म्हणत आले. आत्ता खिडकीतून यांनी विचारलं, "कोनाले लिहून राहिली वं?" मी म्हटलं, काही नाही, जुनं शाळेचं. हा कागद आता वहीत जाईल, पक्ष्यांच्या.

काल बैलगाडी मागे पडल्यावर यांनी विचारलं होतं, "दिसली होती नं तुले?" मी म्हटलं, दिसली नं. नव्हती दिसली, बाबा.